टॉर्चवर ठेवलेल्या बोटातलं हाड का दिसत नाही? शरीराच्या आत उजेडाने बघण्याचं तंत्र

अंधारात मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. बोट आतून पेटल्यासारखं लाल दिसेल. लहानपणी बॅटरीवर तळहात ठेवून हा खेळ बहुतेकांनी केलेला असतो. त्यातली एक गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. उजेड बोटाच्या खालून शिरतोय, वरून बाहेर येतोय आणि मध्ये चांगलं जाडजूड हाड आहे. मग त्या हाडाची सावली कुठे गेली?

एक्स-रेमध्ये हाड ठसठशीत दिसतं. इथे मात्र सगळं बोट एकसारखं लाल. उजेड आरपार येतो, पण आत काय आहे ते दाखवत नाही.

‘डिफ्यूज ऑप्टिकल इमेजिंग’ हे तंत्र याच अडचणीतून उभं राहिलं. विखुरलेल्या, वाट चुकलेल्या उजेडावरून शरीरात काय चाललंय ते ओळखायचं, असा हा उद्योग. यात एक्स-रेसारखा किरणांचा धोका नाही, खोलीभर यंत्र नाही, रुग्णाला पलंगावरून हलवावं लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या कपाळावरची पट्टी, डोक्याला मार लागलेल्या माणसासाठीचं हातात मावणारं यंत्र आणि कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर ही सगळी एकाच कुटुंबातली. या कुटुंबाला काय जमतं, काय जमत नाही आणि सावळ्या कातडीशी त्याचं काय वाकडं आहे, ते बघू.

बोट लालच का दिसतं?

टॉर्चच्या पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात. रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला निळा, हिरवा, पिवळा उजेड चटकन शोषून घेतं. लाल उजेडाला ते फारसं अडवत नाही. म्हणून बोटातून बाहेर पडेपर्यंत लाल तेवढा शिल्लक राहतो.

उजेडाचा रंग तरंगलांबीने मोजतात. साधारण ६५० नॅनोमीटरच्या पुढे हिमोग्लोबिनचं शोषण बरंच कमी झालेलं असतं. पुढे ९५० च्या आसपास पाणी उजेड शोषायला लागतं, आणि आपल्या शरीरात पाणी भरपूर. या दोघांच्या मध्ये एक फट राहते. गडद लाल आणि त्यापुढचा डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या अवरक्त किरणांचा सुरुवातीचा पट्टा, या फटीतून मांसात काही सेंटीमीटर आत जाऊ शकतो. शास्त्रज्ञ तिला ‘ऑप्टिकल विंडो’ म्हणतात. टीव्हीच्या रिमोटचा उजेडही याच भागातला असतो.

मग हाडाची सावली का पडत नाही?

पावसाळ्यात आंबोली घाटातून गाडी चालवली असेल तर याचं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. दाट धुक्यात हेडलाईट लावला की समोर सगळं पांढरं होतं. अंधार नसतो, उजेड भरपूर असतो, पण समोरचा ट्रक दिसत नाही. धुकं उजेड खात नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब त्याला इकडेतिकडे वळवतो, आणि ट्रकवरून निघालेला किरण डोळ्यापर्यंत येईस्तोवर आपण कुठून निघालो होतो हे ‘विसरलेला’ असतो.

आपलं मांस हे याहून कितीतरी दाट धुकं आहे. पेशींची आवरणं, चरबीचे थेंब, कोलॅजनचे धागे या प्रत्येकाची उजेड वाकवण्याची ताकद आजूबाजूच्या पाण्यापेक्षा वेगळी असते. निअर-इन्फ्रारेड उजेडाचा कण, म्हणजे फोटॉन, साधारण दर ०.१ मिलिमीटरला कशावर तरी आपटून थोडा वळतो. सुमारे १ मिलिमीटर आत गेल्यावर त्याची मूळची दिशा पुसली गेलेली असते. त्यापुढे तो पाण्यात पडलेल्या शाईसारखा नुसता पसरत जातो. शोषला जाण्याआधी मात्र तो असा भटकत भटकत कित्येक सेंटीमीटर चालू शकतो. म्हणजे मांसात उजेड मरत नाही, तो हरवतो.

एक्स-रे बराचसा सरळ जातो, म्हणून त्याची सावली पडते. टॉर्चचा उजेड हाडाला वळसा घालून, कधी हाडातूनही वाट काढत, सगळीकडून बाहेर येतो आणि सावली धुऊन टाकतो.

या तंत्राबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: आतल्या भागाचा ‘फोटो’ या उजेडातून कधीच मिळत नाही. पण वाटेत किती रक्त लागलं आणि त्यात ऑक्सिजन किती होता, याचा हिशेब बाहेर आलेल्या उजेडात उरलेला असतो. जिथे एवढा हिशेब पुरतो तिथे तंत्र चालतं. जिथे रेखीव चित्र हवं असतं तिथे ते अडखळतं.

मेणबत्तीपासून सुरुवात

शरीराच्या पलीकडून दिवा धरून बघण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३१ मध्ये डोक्यात पाणी साठलेल्या एका रुग्णाच्या डोक्यामागे मेणबत्ती धरली तर उजेड पुढून दिसतो, अशी नोंद केली. पाण्यात उजेड फारसा विखुरत नाही, म्हणून ते शक्य झालं.

हाच नियम आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयात आजही शिकवतात. अंडवृद्धी, म्हणजे हायड्रोसील, तपासताना डॉक्टर मागून टॉर्च लावतात. सूज उजळली तर आत स्वच्छ पाणी, काळी राहिली तर गाठ, रक्त किंवा आणखी काही. हत्तीरोग असलेल्या पूर्व विदर्भातल्या डॉक्टरांना हे सांगावं लागत नाही. नवजात बाळाच्या फुफ्फुसातून हवा फुटून छातीत साठली तरी अंधार करून छातीला थंड दिवा लावतात. हवेची बाजू कंदिलासारखी उजळते. अतिदक्षता विभागात एक्स-रे येईपर्यंत थांबायला वेळ नसतो, तेव्हा हा साधा उजेड जीव वाचवतो.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्स कटलर यांनी स्तनातल्या गाठी अशाच दिव्याने बघण्याचा प्रयत्न केला. त्या काळचे दिवे तापायचे आणि लहान गाठ धूसर व्हायची. १९८० च्या दशकात हीच कल्पना कॅमेरे लावून पुन्हा आली, पण चाचण्यांमध्ये ती मॅमोग्राफीच्या जवळपास पोहोचली नाही आणि मागे पडली.

खरं वळण आलं ते १९७७ मध्ये. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की निअर-इन्फ्रारेड उजेड कवटीच्या हाडातून जातो आणि मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज कातडी न फाडता घेता येतो. जेवताना ताटातलं चपटं हाड दिव्यासमोर धरल्यावर त्यातून लाल उजेड येतो हे आपल्या लक्षात आलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. शोधाच्या अशा गोष्टी बऱ्याचदा नंतर सजवलेल्या असतात, पण यातलं शास्त्र कोणीही पडताळून बघू शकतं: हाड उजेडाला अडवत नाही.

जत्रेचं मैदान आणि भेळेची गाडी

हरवलेल्या उजेडातून हिशेब कसा काढतात?

एक मोठं जत्रेचं मैदान घ्या. एका दारातून हजार माणसं आत सोडली. आत इतकी गर्दी आहे की कोणालाच सरळ चालता येत नाही, धक्के खात जो तो कुठेतरी जातो. बाहेर पडायला चारी बाजूंनी वीस दारं आहेत आणि प्रत्येक दारावर एक माणूस मोजत बसलाय. उत्तरेच्या दारांतून अपेक्षेपेक्षा फारच कमी माणसं बाहेर आली, तर उत्तरेला कुठेतरी भेळेची गाडी असणार, असं म्हणता येईल. माणसं तिथे अडकली. आता आत सोडण्याचं दार बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी सगळ्या दारांवर मोजलं, तर मैदानात पाऊल न टाकता गाडी साधारण कुठे आहे ते काढता येतं.

माणसं म्हणजे फोटॉन, आणि भेळेची गाडी म्हणजे रक्त. आत सोडायचं दार म्हणजे लेझर किंवा एलईडी, बाहेरची दारं म्हणजे कातडीवर टेकवलेले सेन्सर. असे अनेक दिवे आणि सेन्सर लावून संगणकाकडून आतला नकाशा काढून घेतला की त्याला ‘डिफ्यूज ऑप्टिकल टोमोग्राफी’ म्हणतात. गाडी ‘साधारण’ कुठे आहे एवढंच कळतं, बरं का. मेंदूसाठीच्या दाट सेन्सरांच्या चांगल्या टोपीतसुद्धा हा नकाशा सुमारे दीड सेंटीमीटरपेक्षा बारीक काही नीट दाखवत नाही. एमआरआयसमोर हे अगदीच भरड.

दिवा आणि सेन्सर कपाळावर शेजारीशेजारी असतील तर पकडलेले फोटॉन आत केळ्याच्या आकाराच्या वाटेने फिरून आलेले असतात. दोघांत ३ सेंटीमीटर अंतर ठेवलं तर केळ्याचा पोटाकडचा भाग दीडेक सेंटीमीटर खोल जातो. मोठ्या माणसात कातडी आणि कवटी पार करून मेंदूचा वरचा थर गाठायला तेवढं जेमतेम पुरतं. अंतर वाढवलं तर आणखी खोल जाता येतं, पण परत येणारे फोटॉन भराभर कमी होतात. म्हणून मेंदूच्या मधोमध काय चाललंय हे या तंत्राला कळत नाही. बाळाची कवटी पातळ आणि डोकं लहान, त्यामुळे तिथे काम सोपं.

यात आणखी एक युक्ती आहे ती वेळेची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या डेव्हिड डेल्पी यांच्या गटाने १९८८ मध्ये उजेडाचा अतिशय छोटा स्पंद सोडून तो बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. असल्या मोजमापांतून कळलं की डोक्यात उजेड सरळ अंतराच्या चार ते सहा पट चालतो. ३ सेंटीमीटरसाठी सुमारे १८ सेंटीमीटर धरले तर त्याला एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही थोडा कमी वेळ लागतो. जत्रेतून उशिरा बाहेर आलेला माणूस जास्त आतपर्यंत भटकलेला असण्याची शक्यता जास्त. तसंच उशिरा आलेला फोटॉन बहुतेक खोल जाऊन आलेला असतो. स्वस्त यंत्रं ही वेळ मोजत नाहीत, फक्त किती उजेड परत आला ते बघतात. त्यामुळे त्यांना बदल चांगला कळतो, खरा आकडा तितकासा नाही.

ऑक्सिजनचं काय? त्यासाठी दोन रंग लागतात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन यांचे रंग वेगळे. ६६० नॅनोमीटरचा लाल उजेड ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त खातं, ९४० च्या इन्फ्रारेडचं उलट. दोन्ही किती परत आले याची तुलना केली की प्रमाण निघतं. ऑक्सिमीटरच्या चिमट्यात हे दोन दिवेच असतात. जपानचे इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्यात एक अफलातून भर घातली: फक्त नाडीबरोबर कमीजास्त होणारा उजेड मोजायचा. कातडी, हाड, नख हे काही धडधडत नाहीत, धमनीतलं रक्त धडधडतं. त्यामुळे बाकीचं सगळं हिशेबातून गळून पडतं. निदान तसं मानलं तरी गेलं.

खरा उपयोग कुठे होतो

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत रुग्णाच्या कपाळावर दोन पट्ट्या दिसतात. त्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतात. बोटावरच्या चिमट्याला नाडी लागते. हृदय-फुफ्फुस यंत्रावर असताना नाडी नीट नसते, तेव्हा तो आंधळा होतो आणि कपाळावरच्या पट्ट्या चालू राहतात. इथे रेखीव चित्र नकोच असतं. आकडा मघाशी होता त्यापेक्षा घसरतोय का, एवढाच भूलतज्ज्ञाचा प्रश्न असतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूला पहिल्या तीन दिवसांत ऑक्सिजन कमी पडणं किंवा रक्तस्राव होणं हा मोठा धोका असतो. कपाळावर पट्टी लावून ऑक्सिजन बघत राहायचं आणि आकडा घसरला की उपचार बदलायचे, ही कल्पना कोणालाही पटेल अशी. ‘सेफबूस्क’ नावाच्या युरोपीय गटाने १६६ बाळांवर आधी चाचणी घेतली. मेंदूला ऑक्सिजन कमी पडण्याचं प्रमाण पट्टीमुळे निम्म्याहून जास्त घटलं. सगळ्यांना आशा वाटली. मग १७ देशांत १६०१ बाळांची मोठी चाचणी झाली आणि २०२३ मध्ये निकाल आला. पट्टी लावून उपचार केलेल्या गटात मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा ३५.२ टक्के, नेहमीचे उपचार झालेल्या गटात ३४ टक्के. म्हणजे फरक नाही. आकडा दिसला, आकडा सुधारला, आणि बाळं मात्र जास्त वाचली नाहीत.

यंत्र खोटं बोलत होतं असा याचा अर्थ नाही. घसरलेला आकडा वर आणला म्हणजे इजा टळतेच असं नाही, एवढं त्यातून दिसलं. नवीन तपासणी आली की ‘आता सगळं कळणार’ म्हणणाऱ्या बातम्या येतात. त्या वाचताना ही चाचणी आठवावी.

माझ्या मते आपल्याकडे या तंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग डोक्याच्या मारात होऊ शकतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. डोक्याला मार लागलेला माणूस कधीकधी सुरुवातीला बोलत असतो, चालतही असतो. आत कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साठत जातं आणि काही तासांत तो बेशुद्ध होतो. सीटी स्कॅन केला तर हे कळतं. पण तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सहसा सीटी नसतो. कोणाला लगेच पुढे पाठवायचं आणि कोणाला निरीक्षणाखाली ठेवायचं, हा निर्णय तिथल्या डॉक्टरला टॉर्च आणि अनुभवावर घ्यावा लागतो.

इथे भेळेच्या गाडीचं गणित अगदी चपखल बसतं. निरोगी मेंदूत रक्त बारीक नळ्यांमध्ये वाटलेलं असतं. बाहेर साठलेल्या रक्तात हिमोग्लोबिन त्याच्या सुमारे दहापट दाट असतं, म्हणून ते उजेड जास्त गिळतं. डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकाच जागी ८०८ नॅनोमीटरचा उजेड टाकायचा आणि परत आलेल्याची तुलना करायची. एका बाजूने फारच कमी आला तर संशय. अमेरिकेत ब्रिटन चान्स यांच्या संशोधनातून पुढे आलेलं ‘इन्फ्रास्कॅनर’ हे असलं यंत्र. त्याला तिथल्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये परवानगी दिली. (हे चान्स भारी गृहस्थ. जीवभौतिकशास्त्रातलं मोठं नाव, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकेच्या शर्यतीत सुवर्णपदक.) आपल्याकडे अहमदाबादच्या बायोस्कॅन रिसर्च या कंपनीने ‘सेरेबो’ नावाचं यंत्र बनवलं आहे.

मर्यादाही माहीत हव्यात. इन्फ्रास्कॅनरला ३.५ मिलिलिटरपेक्षा जास्त आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटीमीटरच्या आतलं रक्त कळतं. त्यापेक्षा खोल रक्तस्राव त्याच्या हाती लागत नाही. दोन्ही बाजूंना सारखंच रक्त साठलं तर डावी-उजवी तुलना फसते. डोक्याच्या कातडीखाली टेंगूळ येऊन रक्त साठलं तरी गोंधळ होतो. म्हणून ‘यंत्राने काही नाही सांगितलं, घरी जा’ असा त्याचा वापर नाही. कोणाला आधी सीटीला पाठवायचं ते ठरवायला ते मदत करतं.

बाळ काय ऐकतं?

मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की काही सेकंदांत तिथे गरजेपेक्षा जास्त ताजं रक्त येतं. ते रक्त उजेडाने कळतं, म्हणजे कुठला भाग कामात आहे तेही कळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या गटांनी हे दाखवलं. या पद्धतीला ‘एफनिर्स’ म्हणतात.

एमआरआयच्या बोगद्यात हलायचं नसतं. तान्ह्या बाळाला ते सांगणार कोण? एफनिर्सची टोपी घालून बाळ आईच्या मांडीवर बसू शकतं. इटलीत दोन ते पाच दिवसांच्या बाळांना आईच्या भाषेतलं बोलणं ऐकवलं आणि तेच ध्वनिमुद्रण उलटं फिरवून ऐकवलं. सरळ बोलण्याला मेंदूच्या डाव्या बाजूने जास्त प्रतिसाद दिला. २००३ चा हा अभ्यास. पाच दिवसांचं बाळ शब्द समजत नाही, पण बोलणं आणि गोंगाट यांत फरक करतं.

यंत्र एका पेटीत मावतं म्हणून ते गावातही नेता येतं. गांबियातल्या केनेबा गावात ब्रिटिश संशोधकांनी बाळांच्या वाढीचा मेंदूवर होणारा परिणाम याच टोपीने अभ्यासला. उत्तर प्रदेशातल्या शिवगढमध्ये चार महिने ते चार वर्षांच्या मुलांचा असाच अभ्यास झाला. कमी उत्पन्नाच्या आणि आईचं शिक्षण कमी असलेल्या घरांतल्या मुलांमध्ये, बघितलेलं लक्षात ठेवताना मेंदूचा प्रतिसाद कमजोर दिसला. हे गटांच्या सरासरीबद्दलचं निरीक्षण आहे. एखाद्या मुलाला टोपी घालून त्याची हुशारी सांगता येत नाही, तसं कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

स्तनाच्या गाठी आणि लाल दिवे

कर्करोगाची गाठ वाढताना स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यामुळे तिथे हिमोग्लोबिन साधारण दुप्पट असू शकतं. स्तन मऊ, मध्ये हाड नाही, उजेड आरपार जातो. कागदावर यापेक्षा चांगली जागा नाही. तरीही पहिल्या निदानासाठी डिफ्यूज टोमोग्राफीने मॅमोग्राफीची जागा घेतलेली नाही, कारण तेच: काही मिलिमीटरची गाठ धुक्यात हरवते. आशा दुसरीकडे आहे. गाठ कुठे आहे हे आधीच माहीत असतं, केमोथेरपी सुरू असते, आणि औषध लागू पडतंय का ते लवकर कळायला हवं असतं. गाठीतलं रक्त आणि ऑक्सिजन कसे बदलतात हे दर काही दिवसांनी बघायला एमआरआय परवडत नाही, उजेड परवडतो. यावर काम चालू आहे, रोजच्या वापरात ते अजून आलेलं नाही.

‘घरच्या घरी स्तनाची तपासणी’ म्हणून ऑनलाइन विकले जाणारे लाल दिवे याच विज्ञानाचं नाव घेतात. त्यांत रक्ताची जागा काळी दिसते हे खरं. पण मार लागून साकळलेलं रक्तही काळं दिसतं, साधी शीरही, आणि लहान कर्करोग कदाचित काहीच दिसत नाही. गाठ लागत असेल तर दिवा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं.

आणखी एक रील तुम्ही पाहिली असेल: खाण्याचा पिवळा रंग लावून उंदीर पारदर्शक केला. ती मात्र खरी आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध केलं. टारट्राझिन हा रंग उंदराच्या कातडीत मुरला की आतल्या पाण्याची उजेड वाकवण्याची ताकद वाढून चरबी आणि प्रथिनांच्या जवळ येते. फरक मिटला की विखुरणं कमी होतं, म्हणजे धुकं विरळ होतं. रंग धुतला की कातडी पूर्ववत. एच. जी. वेल्सच्या १८९७ च्या अदृश्य माणसाचा सिद्धांत हाच होता. आपल्या ‘मिस्टर इंडिया’त तो लाल उजेडात दिसायचा, त्यामागे मात्र पटकथाकारांशिवाय कोणतं शास्त्र असेल असं वाटत नाही. माणसाची कातडी उंदराच्या कातडीपेक्षा बरीच जाड असते आणि तो प्रयोग माणसांवर झालेला नाही. घरी रंग चोपडू नका.

सावळ्या कातडीचा प्रश्न

शरीरात शिरणाऱ्या प्रत्येक फोटॉनला आधी कातडीच्या वरच्या थरातलं मेलॅनिन ओलांडावं लागतं, आणि बाहेर येताना पुन्हा एकदा. मेलॅनिन लाल उजेड जास्त शोषतं, इन्फ्रारेड कमी. दोन रंगांच्या तुलनेवर उभ्या असलेल्या तंत्रात एका रंगाला जास्त कर लागला तर उत्तर बिघडणार. नाडीची युक्ती हा फरक पुसून टाकते असं अनेक वर्षं समजलं जात होतं.

डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णांचे ऑक्सिमीटरचे आकडे आणि धमनीतल्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी यांची तुलना प्रसिद्ध केली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला खरा ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के वेळा घडलं आणि कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा. जवळजवळ तिप्पट. आणि चूक कुठल्या बाजूला? ‘सगळं ठीक आहे’ या बाजूला. अमेरिकेच्या २०१३ च्या नियमांनुसार चाचणीत किमान दहा माणसं आणि त्यांत गडद वर्णाची दोन किंवा १५ टक्के असली तरी पुरत होतं. जानेवारी २०२५ मध्ये तिथे नियम कडक करण्याचा मसुदा निघाला. आपल्याकडच्या कातडीच्या छटा गव्हाळपासून गडद काळ्यापर्यंत पसरलेल्या आहेत, आणि ९४ चा आकडा बघून बेडसाठी धावायचं की थांबायचं हे २०२१ च्या एप्रिलमध्ये लाखो घरांनी ठरवलं होतं.

मेंदूच्या टोपीला दाट काळे केस हा वेगळाच त्रास. केस उजेड खातात, सेन्सर कातडीला टेकू देत नाहीत. संशोधक एकेका सेन्सरखालचे केस काडीने बाजूला करत बसतात. ज्यांचे केस दाट आणि काळे त्यांची मोजणी खराब येते, मग ती अभ्यासातून गाळली जाते.

ग्लासगो विद्यापीठातल्या गटाने २०२५ मध्ये मोठ्या माणसाच्या डोक्याच्या एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूला पकडून दाखवला. आजवर हे अशक्यच मानलं जायचं. अर्धा तास एकेक फोटॉन मोजत बसावं लागलं. प्रयोगाला आठ जण बसले होते. उजेड पलीकडे पोहोचला तो एकाच्याच डोक्यातून, आणि तो गोरा आणि टकला होता.

घरच्या ऑक्सिमीटरचं म्हणाल तर तो टाकून द्यायचं कारण नाही. बोट गरम असावं, नेलपॉलिश आणि मेंदी नसलेलं असावं, हात स्थिर ठेवून आकडा थांबेपर्यंत वाट बघावी. माणूस धडधाकट असताना त्याचा नेहमीचा आकडा लिहून ठेवावा आणि आजारपणात त्याच्याशी तुलना करावी. नेहमी ९८ असणारा ९४ वर आला तर ती घसरण महत्त्वाची. धाप लागत असेल, ओठ निळसर पडत असतील, माणूस गोंधळल्यासारखं बोलत असेल, तर चिमटा ९५ दाखवत असला तरी दवाखान्यात न्यायचं.